टाळ्या ऐकून मी मुलाला बोलावलं

मागच्या महिन्यात तुम्हा नातवंडांपैकी थोरलीने परदेशातून फोनवर विचारलं, "आजी, दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात असे मजेचे सिनेमे तिकडे लागतात का? आणि लोक बघतात?" तिला शाळेत काहीतरी लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, लागतात, लोक बघतात, हसतात, टाळ्यासुद्धा वाजवतात. तिने ते तसंच लिहून दिलं असेल. मी खोटं बोलले नाही, पण अर्धंच सांगितलं. उरलेलं तेव्हा सांगता आलं नाही, कारण आजोबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणून आता लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही यातलं सगळं माहीत नाही, तेव्हा तिने वाचलं तरी माझी हरकत नाही.

आम्ही तिघी महिन्यातून एका मंगळवारी दुपारी सिनेमाला जातो. मी, समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण, जी बँकेतून निवृत्त झाली, आणि तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ. ती पिंपळगाव बसवंतहून येते. त्यांची द्राक्षाची बाग, माल पेट्यांत भरायचं पॅकहाउस, सगळा व्याप तिकडे. पण मंगळवार ती चुकवत नाही. सिनेमा कोणता बघायचा यावरून आम्ही एकदा इतक्या भांडलो की शो निघून गेला. तेव्हापासून नियम केला: जिचा नंबर तिने निवडायचा आणि तिकिटं काढायची, आणि बाकीच्या दोघींनी खुर्चीत बसेपर्यंत नाव विचारायचं नाही. या नियमामुळे मी तीन भुताचे सिनेमे पाहिले आहेत.

गेल्या दिवाळीनंतर माझा नंबर होता. त्याच सुमारास घरात आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी चालली होती. माणसाची ऐंशी वर्षं पूर्ण होऊन वर काही महिने झाले की त्याने पौर्णिमेचे हजार चंद्र पाहिले असं धरतात. मग पूजा करतात, कणकेचे दिवे लावून बायका त्याला ओवाळतात, आणि शेवटी घरातली लहान माणसं एकेक जोडी करून पुढे येतात आणि वाकून नमस्कार करतात. नवरा-बायको शेजारी उभे राहतात, एकदमच वाकतात. याला जोडीने नमस्कार म्हणतात. तुमच्या आईबाबांनी लग्नानंतर तो इतक्यांदा केला की बाबांची कंबर धरली होती.

बंगळूरला तुमच्या मामाला मी तारीख कळवली तेव्हा तो म्हणाला, "आई, मी येईन तर आम्ही दोघं येऊ. आणि जोडीने नमस्कार करू. ते जमत नसेल तर मी नंतर कधीतरी एकटा येऊन जाईन. मला राग नाही, पण लपून उभं राहायचं वय आता राहिलं नाही."

मामाच्या जोडीदाराला तुम्ही व्हिडिओ कॉलवर ओळखता. तुम्हाला कदाचित माहीत नसेल की तो आपल्या नाशिकचाच आहे. सातपूरचा. त्याचे वडील कारखान्यात पाळीवर जायचे. आमच्या घरापासून त्याचं घर रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, पण सात वर्षांत तो त्या घराची पायरी चढलेला नाही, कारण त्यांनी दार लावून घेतलं. कामासाठी नाशिकला यावं लागलं तर तो लॉजवर उतरायचा. माझ्याशी फोनवर बोलायचा, मला काकू म्हणायचा. आमच्या घरीही मी त्याला कधी ये म्हटलं नव्हतं. हे मी कबूल करते. कुणा थोराच्या पायाशी वाकायचं तर त्याला आता आमचंच घर उरलं होतं.

आजोबांना मामाचं सगळं माहीत होतं, अकरा वर्षं. ते कधी ओरडले नाहीत. त्यांचं एकच वाक्य होतं, "माझं काही नाही गं. लोकांचं काय?"

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. कुणी मोघम बोललं की मला ते सुटं करून बघायची सवय आहे. अडचण लोकांची असेल तर लोकांना काय वाटतं ते शोधून काढलं पाहिजे, असं मी ठरवलं. तोंडावर विचारणं शक्य नव्हतं. आमच्या नात्यात मामाचं सगळ्यांना कळलेलं होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. जाऊबाई त्याच्यासाठी स्थळं आणायची, मग एका वर्षी तिने आणणं बंद केलं. का बंद केलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा दोघींना ते सोयीचं होतं.

अशा वेळी कॉलेज रोडच्या मल्टिप्लेक्सला तो सिनेमा लागला. हिंदी. एक मुलगा केटररचा, दुसरा मांडव सजवणाऱ्याचा. दुसऱ्यांच्या लग्नांत त्यांची गाठ पडते, भांडण होतं, मग प्रेम. दोन्ही घरच्यांना वाटतं की पोरं धंद्यात भागीदारी करताहेत. आधी मी एकटी जाऊन आले, शनिवारी संध्याकाळी. आजोबांना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं. पर्समध्ये छोटी वही नेली होती, आणि कुठे हशा येतो ते अंधारात चाचपडत लिहीत होते.

थिएटर जवळजवळ भरलेलं होतं. बरेच जण दुसऱ्या सिनेमाची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून इकडे आलेले. दोघं मिळून चादरीचा रंग निवडतात तिथे हशा. बापाला कळतं आणि तो आमटीच्या पातेल्यात बसतो तिथे इतका हशा की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. मध्ये एक प्रसंग होता: ते दोघं गच्चीवर नुसते बसलेले, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलेलं, संगीतही नाही. तिथे मागच्या रांगेतून कुणीतरी ओठांनी मुका घेतल्याचा आवाज काढला आणि सगळे हसले. माझ्या शेजारचा माणूस बायकोला म्हणाला, "चल, पॉपकॉर्न घेऊन येऊ तोवर." मी वहीत लिहिलं: दोन-चार टवाळ. शेवटी ते दोघं म्हाताऱ्या आजीपुढे जोडीने वाकतात आणि ती दोघांच्या डोक्यावर हात ठेवते. तिथे टाळ्या पडल्या. खऱ्या, जोरात. मी वहीत लिहिलं: शेवटी टाळ्या. आणि खाली रेघ ओढली.

नंतरच्या मंगळवारी मी दोघींना घेऊन गेले. नियमाप्रमाणे त्यांनी काही विचारलं नाही. नावांच्या पाट्या सुरू झाल्या तेव्हा मैत्रीण कानाशी आली.

"अगं, यात दोन हिरो दिसतायत. हिरोइन कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. बस गप."

जाऊबाई पलीकडून म्हणाली, "ताई, हिरोइनच नाय तर लगीन कुणाचं हाय मग?"

"बघ तर."

पहिली दहा मिनिटं दोघी अवघडून बसल्या होत्या. मग केटररची बायको आणि मांडववाल्याची बायको एकमेकींवर श्रीखंडाचे वाडगे उगारतात तो प्रसंग आला आणि जाऊबाई सुटली. तिचं हसू मोकळं आहे, खांदे हलतात, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप बसते. माझी मांडी लाल झाली होती. मध्यंतरात समोसे खाताना ती डोळे पुसत म्हणाली, "बाप कसा बसला वो आमटीत! हसून हसून माझं तर पोट दुखलं. पोरं पण लय गोड हायेत."

मैत्रीण म्हणाली, "गोड आहेत खरी. पण आपल्याकडे असं असतं का कुठे?"

"असेल की," मी म्हटलं. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्यांकडे होतं.

"आमच्या पिंपळगावला नाय बा असलं काय."

"तुमच्या पिंपळगावला फक्त कांदा आणि द्राक्षं," मैत्रीण म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसल्या.

गच्चीवरच्या प्रसंगात जाऊबाईने पर्स उघडून गोळी शोधली. तेही मी पाहिलं. त्याचं मी काही केलं नाही. शेवटी आजीने डोक्यावर हात ठेवला तेव्हा ती पदराने डोळे टिपत होती आणि टाळ्याही वाजवत होती. "लय मोठ्या मनाची बाई," ती म्हणाली. मैत्रीणही वाजवत होती. आणि मी मधे बसून, दोन्ही बाजूंनी टाळ्या ऐकत, मनातल्या मनात कार्यक्रमाचा कागद तयार करत होते.

बाहेर आल्यावर एक प्रश्न विचारायला हवा होता. आपल्या घरात असं असेल तर? इतकाच. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचे की उत्तर कळलं असं वाटलं तरी प्रश्न पुन्हा वाचा. मी विचारलं नाही. मला वाटलं, हशा आणि टाळ्या म्हणजे उत्तरच आलं, आता पुन्हा विचारून कशाला कुणाला अवघडवायचं.

घरी येऊन आजोबांना सांगितलं, "लोकांना चालतं. मी दोनदा पाहिलं."

"काय पाहिलंस?"

मी सिनेमाचं सांगितलं. दाताच्या डॉक्टरचंही खरं सांगून टाकलं.

"सिनेमात सगळंच चालतं," ते म्हणाले.

"पडद्यावरची माणसं खोटी होती. खुर्चीतली खरी होती ना? तुमची भावजय रडली. टाळ्या वाजवल्या तिने."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तू सांगतेस तर बोलाव." ते माझ्या शब्दावर तयार झाले होते, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढचं सगळं वाचून आजोबांवरच राग धरू नका.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. "बाबा तयार आहेत?" आहेत. "आणि बाकीचे?" मी म्हटलं, बाकीच्यांची काळजी माझ्यावर सोड. मग त्याच्या जोडीदाराने फोन घेतला. "काकू, एक विचारू? जोडीने करताना कुणी कुठल्या बाजूला उभं राहायचं? मी व्हिडिओ बघितले, तिथं नवरा-बायकोचंच सांगतात."

मला हसू आलं. तोही हसत होता, पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "तू उंच आहेस, तू खिडकीच्या बाजूला राहा, म्हणजे त्याच्यावर उजेड येईल."

"आणि वाकायचं एकदमच ना? मागंपुढं झालं तर?"

"मी डोळ्यांनी खूण करीन. माझ्याकडे बघ आणि वाक."

मामाने नंतर सांगितलं की ते दोघं बंगळूरला घरात सोफ्यापुढे दोनदा वाकून बघत होते.

फेब्रुवारीतली सकाळ होती. हवेत गारठा होता. गंगापूर रोडकडचा छोटा हॉल घेतला होता. पिंपळगावकडे द्राक्षांची काढणी जोरात, तरी सगळे गाड्या भरून आले. दोघं आदल्या दिवशी दुपारीच आले होते आणि घरीच उतरले होते. आजोबा त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलले, त्याने आणलेली शाल खांद्यावर घेऊन आरशात बघितली. चार दिवस राहायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी मला वाटत होतं की माझा हिशोब कुठेही चुकलेला नाही.

नमस्कारांचा क्रम मी रेघांच्या कागदावर लिहून गुरुजींना दिला होता. एक, दीर आणि जाऊबाई. दोन, मुलगी आणि जावई, फोनवर. तीन, मुलगा आणि त्याचा जोडीदार. तिथे मी दोघांची नावं शेजारी शेजारी लिहिली होती, मधे "आणि" घालून, बाकीच्यांसारखीच. चार, पुतणे आणि सुना.

फोन स्टँडवर लावला होता म्हणून सुरुवातीचं सगळं तुम्ही पाहिलंत. एक्याऐंशी दिव्यांची परात, आजोबांच्या गळ्यातला हार, तुमचे आईबाबा तिकडे बैठकीच्या खोलीत स्क्रीनपुढे एकदम वाकले आणि इकडे सगळ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मग तिसरा क्रमांक आला. गुरुजींनी दोन्ही नावं वाचली आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. दोघं उठले. एकाच रंगाचे कुडते नव्हते, वेगवेगळे होते, साधे. पुढे आले, आणि जोडीदार खिडकीच्या बाजूला उभा राहिला, सांगितल्याप्रमाणे, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

आणि दुसऱ्या रांगेतून जाऊबाईचा आवाज आला, मोठा, मनापासून आनंदाचा: "अगंबाई! ताई, अगदी त्या पिक्चरमधल्यावानी!"

मैत्रीण खुदकन हसली. पलीकडच्या बाईने विचारलं, कुठला पिक्चर? तिला कुणीतरी सांगितलं. तिने मागच्या रांगेला सांगितलं. हसू रांगेरांगेने मागे गेलं. त्यात दुष्टपणा नव्हता, मी शपथेवर सांगेन. मी ते हसू आधी दोनदा ऐकलं होतं आणि वहीत लिहून ठेवलं होतं. तेच होतं ते. अगदी मागे कुणा तरुणाने ओठांनी तो आवाजही काढला.

आजोबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी हात जरा वर केला आणि ऑफिसात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "एकेकटे या."

मामाने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. कागद माझा होता. बोलावणं माझं होतं. मी आजोबांच्या शेजारी अक्षतांची वाटी घेऊन उभी होते आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, नाही, जोडीनेच येतील. तीन शब्द. मी म्हटलं, "आधी तू ये बाळा."

आणि डाव्या हाताने मी तुमचा फोन स्टँडवरून काढून टेबलावर पालथा घातला. नेटवर्क गेलं असं तुम्हाला सांगितलं. नेटवर्क चांगलं होतं.

मामा एकटा वाकला. आजोबांनी पाठीवर हात ठेवला. जोडीदार दोन पावलं मागे सरकला होता. गुरुजी बिचारे म्हणाले, "आता तुम्ही या." त्याने तिथूनच हात जोडले, हसला, आणि बाजूला झाला. मग पुतणे आणि सुना आले, जोडी जोडीने, आणि मी प्रत्येकीच्या हातावर अक्षता ठेवल्या, कारण क्रम चालू होता आणि क्रम चालू असला की माझे हात चालतात.

सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली तेव्हा फोटोवाला जेवायला बसला होता. पुतण्याची बायको जोडीदाराला म्हणाली, "अहो, तुम्ही उंच आहात, जरा आमच्या मोबाइलवर काढता का? सगळे यायला हवेत हं." त्याने खुर्चीवर चढून तीन फोटो काढले. मागच्यांना जवळ यायला सांगितलं, एका लहान मुलाला पुढे घ्यायला सांगितलं. तुमच्या फ्रिजवर लावलेला फोटो तोच. त्यात मामा डावीकडे टोकाला आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतो आहे.

जेवणात जाऊबाईने स्वतः जाऊन जोडीदाराच्या ताटात जिलबी वाढली. "घ्या वो भाऊ, लाजू नका. तुम्ही तर त्या हिरोपेक्षा देखणे हायेत." त्याने अर्धी खाल्ली. तिच्यावर रागावायला मला जागा सापडत नाही. तिला ते प्रेमानेच म्हणायचं होतं.

हात धुवायच्या ठिकाणी मैत्रीण भेटली. ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, मग तुझा मुलगा आणि तो... ते खरंच आहे?"

"म्हणजे? तुला माहीत नव्हतं?"

"कानावर होतं. पण आज मला वाटलं, आपण पाहिला ना तो सिनेमा, त्याची तू नक्कल बसवलीयस. गंमत म्हणून. हल्ली अशा कार्यक्रमांत करतात ना, नातवंडं नाटुकली बसवतात, तसं काहीतरी. म्हणून हसले मी."

मी म्हटलं, "नक्कल नव्हती."

तिने रुमालाने एकेक बोट पुसलं. चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं होतं. "मग असं चारचौघांत कशाला गं?" ती म्हणाली. "घरच्या घरी उरकायचं ना."

त्या वेळी मला कळलं की माझी वही कशी चुकली. खोटं आहे असं माहीत होतं तोवर त्यांना ते आवडत होतं. सिनेमात त्यांना त्या दोघांकडे बघावंच लागलं नव्हतं. बाप आमटीत पडत होता, आया भांडत होत्या, बघायला पुष्कळ होतं. जिथे फक्त ते दोघं होते तिथे कुणी आवाज काढला, कुणी पॉपकॉर्न आणायला गेलं, कुणी पर्समध्ये गोळी शोधली. हे सगळं मी स्वतः टिपून ठेवलं होतं आणि तरी टाळ्यांखालीच रेघ ओढली.

दुपारी तीनला ते आमच्या घरून निघाले. बॅगा अजून नीट उघडल्याही नव्हत्या. मी गाडीपर्यंत गेले. मामा म्हणाला, "आई, तू सिनेमा बघून आम्हाला बोलावलंस?"

"हो."

"मला विचारायचंस. लोक हसतात हे मला कुणी सांगायला नको होतं. लहानपणापासून ऐकतोय." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. "मी लोकांचं विचारलं नव्हतं गं. तू आणि बाबा, एवढंच विचारलं होतं."

तो गाडीत जाऊन बसला. जोडीदार माझ्या पायाशी वाकायला लागला. मी त्याचे खांदे धरले. "थांब," मी म्हटलं, "दोघं मिळून करा. मला करा." आम्ही दोघांनी गाडीकडे बघितलं. मामाने काच खाली केली नाही. जोडीदार म्हणाला, "राहू द्या काकू," आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसला. मामा उतरला नाही हे बरोबरच होतं. तिथे गेटपाशी वॉचमनखेरीज कुणी नव्हतं. कुणी नसताना मी म्हणत होते, करा.

त्यानंतरच्या मंगळवारी जाऊबाईचा नंबर होता. तिने भुताचा सिनेमा निवडला. आम्ही तिघी गेलो, समोसे खाल्ले. द्राक्षांच्या भावापासून मैत्रिणीच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोललो. उतरताना जाऊबाई म्हणाली, "ताई, तसला एखादा हसायचा आला की सांगा बरं. लय मजा आली होती तेव्हा." मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं. तिला कळलं नाही. मी म्हटलं, सांगेन. तो सिनेमा तोवर नाशिकमधून निघूनही गेला होता. मध्यंतरी तसाच दुसरा एक आला. सकाळचा एकच शो ठेवला होता. पुढच्या शुक्रवारी पोस्टर बदललेलं दिसलं. मी गेले नाही.

तेव्हा थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. लोक बघतात. हसतात, रडतात, टाळ्या वाजवतात. त्यातून त्या लोकांबद्दल काहीही कळत नाही. हे शाळेत लिहून देता येईल का, मला माहीत नाही.

आजोबा परवा जेवताना अचानक म्हणाले, "त्या दिवशी आला होता तो मुलगा. स्वभावाने चांगला वाटला. पण नमस्कार केला नाही त्याने."

"तुम्हीच एकेकटे या म्हणालात."

"हो, मग? एकेकटं तर यायचं."

ते खरोखर विचारत होते. अकरा वर्षं गेली, सगळा कार्यक्रम झाला, आणि त्यांना वाटतं की तो मुलगा रीत विसरला. समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं होतं, आणि त्यांना आता दोन घासांनंतर दम लागतो. मी आमटी वाढली.

मामा दर रविवारी फोन करतो. माझं औषध, आजोबांचं बीपी, पाणी येतं का, एवढं विचारतो. मी म्हणते, कधी येताय? तो म्हणतो, बघू. पूर्वी मागून जोडीदाराचा आवाज यायचा, "काकूंना नमस्कार सांग." आता मामा गॅलरीत जाऊन बोलतो. गाड्यांचे आवाज येतात.

तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा मामा इथे नसेल. आईला सांगा, पाच-सहा दिवस नाशिकचे कमी करून बंगळूरची तिकिटं वेगळी काढा. त्या दोघांना भेटून या. आम्हाला बरोबर चला म्हणू नका. आजोबांना आता प्रवास झेपत नाही, आणि मला त्यांनी बोलावलेलं नाही.